डोंगर उजवा घालून: चार खिंडी, एक दिवस, एक सोलापूरकर

टॉवेलवाला | रविवार, रात्री १०:१२

मार्चपासून मी इथं, आपल्या सायकलच्या गटावर, एकच प्रश्न विचारून सगळ्यांना पिडलं होतं: सपाटीवरच्या माणसाला परदेशातले डोंगरी घाट सायकलवरून झेपतील का? उत्तर घेऊन आलोय. झेपतात. पण ज्याची भीती होती ते सोपं निघालं, आणि ज्याचा विचारच केला नव्हता त्यानं घाम फोडला. सविस्तर लिहितो, लांबेल. चहा घेऊन बसा.

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात रेपिअर नावाचे नवे माग येणार म्हणून मला आणि एका फिटरला दहा दिवस इटलीत बेर्गामोजवळ ट्रेनिंगला धाडलं. जूनचा शेवट. मधले शनिवार-रविवार मोकळे. फिटर म्हणाला व्हेनिस बघू. म्हटलं, तू बघ, मला सांग. शुक्रवारी दुपारी निघालो. वेरोना, बोल्झानो, फोर्तेत्सा, ब्रुनिको अशा गाड्या बदलत, शेवटी बसनं रात्री नऊला कोर्वारा नावाच्या गावात उतरलो. तिथं जूनमध्ये नऊलाही उजेड असतो, म्हणून मुक्काम सापडला.

हा भाग डोलोमाइट्सचा. मधोमध सेला नावाचा भलामोठा पठारी डोंगर, चारी बाजूंनी उभे कडे. नळदुर्गाचा बुरूज हजारपट करा. त्याच्याभोवती एक रस्ता फिरतो आणि निघाला तिथंच परत येतो. वाटेत चार खिंडी: काम्पोलोंगो १८७५ मीटर, पोर्दोई २२३९, सेला २२०० च्या वर, गार्देना २१२१. अंतर सगळं मिळून ५५ किलोमीटर. आपण तुळजापूरला जाऊन येतो तर ९० होतात, त्यामुळं हे ऐकून हसू येतं. चढ मोजला की १७८० मीटर भरतो, तिथं हसू थांबतं.

दोन्ही बाजूंनी फिरतात लोक. मी घड्याळाच्या काट्यासारखा फिरलो. तसं गेलं की डोंगर सबंध दिवस उजव्या हाताला राहतो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याला ६८ लिंगांना नंदीध्वज फिरतात, त्या गावच्या माणसानं डोंगर डावा घालून फिरायचं म्हणजे जरा कसंतरीच वाटतं.

सायकल. ऑनलाइन ठरवताना 'मागं ३४ दात्यांची कॅसेट पाहिजे' असं स्पष्ट लिहिलं होतं. कॅसेट म्हणजे मागच्या चाकाची दातेरी चक्रं, दाते जास्त तितका चढ हलका. सकाळी दुकान उघडल्यावर बघतो तर मागं २८. माझी पहाटेची सुरुवात तिथंच बुडाली होती, कारण दुकान उघडतं साडेआठला. त्यात अर्धा तास वाद. शेवटी ३४ वाली दिली, पण एक साइज मोठी. दुकानाचं नाव लिहीत नाही. पोरगा तसा चांगला होता, सीट खाली करून दिली, हँडल धरून ब्रेककडं बोट दाखवत इटालियनमध्ये काहीतरी सांगितलं. मी मान हलवली. ते काहीतरी काय होतं ते तासाभरात कळलं.

काम्पोलोंगोचा चढ सहा किलोमीटर, फार अंगावर येत नाही. हवा ११ अंश. निघायच्या आठवड्यात इथं उन्हाळा संपता संपत नव्हता, आणि तिथं श्वासाची वाफ दिसत होती. बाजूला गाई, त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकून हिप्परग्याच्या तळ्याकडून येणारी गुरं आठवली. अर्ध्या पाऊण तासात वर. मनात म्हटलं, एवढंच होय?

मग उतार. तिसरं वळण. आपल्याकडं सायकलचा उजवा ब्रेक पुढचा, डावा मागचा. चाळीस वर्षं हात हेच शिकलाय. मातीत, पावसात, वळणावर, घाबरलं की डावा दाबायचा. तिथल्या सायकलींना उलटं असतं. डावा पुढचा. आणि हे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, आपल्या रबरी ब्लॉकसारखे विचार करायला वेळ देत नाहीत. वळणात शिरताना सवयीनं डावा दाबला. पुढचं चाक जागीच थबकलं, मागचं उचललं गेलं, आणि क्षणभर मला माझ्याच पुढच्या टायरचं वरचं तोंड दिसलं. कसा सोडला माहीत नाही. सोडला म्हणून आज लिहितोय. सायकल सरळ जाऊन वळणाबाहेरच्या गवतात थांबली. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्यानं हॉर्न दिला आणि निघून गेला. मी दगडी कठड्यावर बसलो. बाटलीचं बूच उघडेना, बोटं इतकी थरथरत होती.

मागावर धागा तुटला की हात आपोआप कुठं जातो ते मी नव्या कामगारांना शिकवतो. डोक्याला विचारायला वेळ नसतो. तोच हात इथं वैरी झाला. 'डावा पुढचा, डावा पुढचा' असं घोकत उतरायचं म्हणजे उतारभर परीक्षेला बसल्यासारखं. शेवटी पिशवीतून आमच्याच कारखान्याचा नॅपकिन काढला. एक कड दातानं फाडली, बोटभर पट्टी निघाली, ती डाव्या लिव्हरला घट्ट गुंडाळून दोन गाठी मारल्या. टेरीचा खरखरीतपणा बोटांना लागला की हात आपोआप ढिला पडायचा. पुढचे ४५ किलोमीटर त्या पट्टीनं काढले. घरी आणलीय.

उताराच्या तळाशी अराब्बा गाव. तिथून पोर्दोई. साधारण सव्वानऊ किलोमीटर, सरासरी ७ टक्के, ३३ वळणं. वळणांना नंबर आहेत. हा प्रकार मनाला फार बरा, दर वळणाला काहीतरी कमावल्यासारखं वाटतं. पहिली दहा मोजली, मग विसरलो, मग २१ चा फलक दिसल्यावर देव भेटल्यासारखं झालं. चढ एकसारखा आहे, अचानक भिंत समोर येत नाही. बार्शी रोडला समोरून वारा लागला की आपण जसे तासभर एकाच दमात मान खाली घालून मारतो, अगदी तसंच. आपला वारा म्हणजे आपला डोंगरच आहे, हे मला पोर्दोईनं शिकवलं.

वर फाउस्टो कॉपी या जुन्या इटालियन सायकलपटूचं स्मारक आहे. तिथं बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. शेजारी चार जर्मन एनर्जी जेल चोखत होते. एकानं चटणी चाखली, डोळ्यात पाणी आलं, पुन्हा मागितली.

सेलाचा चढ साडेपाच किलोमीटरच, पण जवळजवळ ८ टक्के. दिवसातला सगळ्यात अवघड तोच. दोनदा उतरलो. लपवत नाही. सासोलुंगो नावाचा ३१८१ मीटरचा सुळका समोर उभा, त्याचा फोटो काढायच्या निमित्तानं उतरलो असं बायकोला सांगितलंय.

गार्देनाला आभाळ फुटलं. दुपारी दोननंतर या डोंगरांत विजा होतात, हे वाचलं होतं. नऊला निघण्याचं फळ. गारा लागल्या. एका हॉटेलच्या वळचणीला पंचवीस मिनिटं, मी, दोन डच म्हातारे आणि एक ओलं कुत्रं. मग ओल्या रस्त्यावरून कोर्वारा, पाय जमिनीला लावायच्या तयारीत, इतक्या हळू की एका ट्रॅक्टरनं मागं टाकलं. पावणेचारला दुकानात. पोरानं पट्टी बघितली, लिव्हरला बोट लावलं आणि हसायला लागला. सकाळी हेच सांगत होता बहुतेक.

फोटो उद्या टाकतो.

---

होटगीरोडकर | रविवार, रात्री १०:४०

लै भारी मालक! एका दमात वाचलं. ट्रॅक्टरनं मागं टाकलं हे वाचून हसून हसून पोट दुखलं. पट्टीचा फोटो आधी टाका, डोंगराचे नंतर.

---

सायकलमामा | रविवार, रात्री ११:०५

टॉवेलवाले, नशीब तुमचं. पस्तीस वर्षं दुकान चालवतोय, म्हणून या ब्रेकबद्दल दोन शब्द.

आपल्याकडं उजवा पुढचा हे इंग्रजांच्या वळणाचं. डावीकडून गाडी चालवणाऱ्या देशात उजवीकडं वळताना उजवा हात बाहेर काढून खूण करायची. त्या वेळी हँडलवर राहतो डावा हात. तो मागचा ब्रेक असला तर तोल जात नाही, असं जुने लोक सांगायचे. उजवीकडून चालणाऱ्या देशात हेच उलट. म्हणजे दोघंही आपल्या जागी बरोबर, फक्त मधे माणूस अदलाबदल झाला की घोळ.

केबलचे ब्रेक असतील तर पाच मिनिटांत बदलून मिळतात. हायड्रॉलिकला पाइप सोडून तेल भरून हवा काढावी लागते, भाड्याच्या दुकानात कोण करणार. म्हणून सायकल हातात घेतली की पहिलं काम: उभ्या उभ्या एकेक लिव्हर दाबून कुठलं चाक अडतं ते बघायचं. आपली स्वतःची असली तरी. परवा एका पोरानं नवी कोरी आणली, बाहेरची, तिलाही उलटे ब्रेक होते. त्याला माहीतच नव्हतं.

पट्टीची युक्ती मात्र झकास. मी दुकानात शिकवणार आहे, तुमचं नाव घेऊन.

---

खवचट_बाळीवेस | रविवार, रात्री ११:३०

५५ किलोमीटरला सात तास? आमचा पोरगा शाळेत जाऊन येतो तेवढ्यात. 😀

एक शंका. तिथं म्हणे सगळे बॅटरीच्या सायकलीवर फिरतात. मग तुम्ही एवढा घाम का गाळला बे? एक बटण दाबलं की पोर्दोई. प्रामाणिकपणे सांगा, दुसऱ्या वेळी घ्याल ना?

---

टॉवेलवाला | सोमवार, सकाळी ७:१५

@खवचट: सात तासांतले दोन थांबण्यात, खाण्यात, गारांत गेले. पायडल मारायचा वेळ चार तास पन्नास मिनिटं.

बॅटरीवाले भरपूर. सत्तरीचं एक जोडपं मला सेलाच्या चढावर गप्पा मारत मागं टाकून गेलं, वर पोचल्यावर त्यांनीच मला कॉफी पाजली. फसवणूक वगैरे काही नाही. त्या बाईंचा गुडघा बदललेला होता. माझ्या आईला तसली सायकल मिळाली असती तर ती रोज सिद्धेश्वरला गेली असती. मी मात्र नाही घेणार. मला बघायचंच होतं की जमतं का.

@मामा: बरोबर. उभ्या उभ्या दाबून बघणं एवढं एक केलं असतं तर कठड्यावर बसायची वेळ आली नसती. नवी सायकल घेणाऱ्या त्या पोराला लगेच फोन करा.

---

मीनल_जुळेसोलापूर | सोमवार, सकाळी ९:०२

दादा, मी गेली दोन वर्षं एकटी पहाटे तुळजापूर घाटात जाते. चढ मला आवडतो, कितीही सांगा. उताराला मात्र अजून मनगटं दुखेपर्यंत ब्रेक धरून येते, आणि मागून ट्रक आला की जीव घशात. मला वाटायचं की हे फक्त माझंच आहे, सगळे बाकीचे मजेत उतरतात. तुमचं वाचून जरा बरं वाटलं.

विचारायचं असं की पोर्दोईवरून उतरताना तुम्ही नेमकं काय केलंत? काम्पोलोंगोनंतर भीती गेली की तशीच घेऊन उतरलात? आणि बाईमाणसानं एकटीनं जावं का तिकडं?

---

टॉवेलवाला | सोमवार, दुपारी १:४०

मीनलताई, भीती तशीच होती. पण पोर्दोईवर एका इटालियन आजोबांच्या मागं मागं उतरलो, साठीचे असतील, पाय बगळ्यासारखे. ते काय करत होते ते बघून बघून केलं, म्हणून सांगतो.

ब्रेक सबंध उतारभर धरायचा नाही. सरळ रस्त्यावर सोडून द्यायचा, वेग वाढू द्यायचा. वळण यायच्या आधी, सायकल अजून सरळ उभी असताना, दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग मारायचा. आणि वळणात शिरायच्या आत सोडून द्यायचे. वळणात ब्रेक म्हणजे काम्पोलोंगो. वळताना बाहेरच्या बाजूचा पाय खाली, सगळं वजन त्या पायावर. आणि नजर पुढच्या चाकावर नाही, वळण जिथं संपतं तिथं. आजोबांची मान आधी वळायची, मग सायकल. मी आधी दरीकडं बघत होतो, सायकल दरीकडंच जात होती. सायकलचं गाढवासारखं आहे, मालक बघतो तिकडं जाते.

वेग माझा ४० च्या वर गेला नाही. आजोबा ६० ला होते, दोन वळणांनंतर दिसेनासे झाले.

एकटीनं जाण्याबद्दल: एकट्या सायकल चालवणाऱ्या बायका मला मोजून सात दिसल्या, पोर्दोईच्या चढावरच तीन. रस्त्यावर हॉटेलं, माणसं भरपूर. रस्ता उजव्या बाजूनं चालतो हे तेवढं डोक्यात ठेवायचं, वळणावर आपसूक डावीकडं सरकायला होतं.

---

यंत्रगती | सोमवार, दुपारी ३:२०

मीनल, मनगटं दुखतात त्याचं गणित सांगतो. मेकॅनिकलचा आहे, राहवत नाही.

माणूस, सायकल, पाणी मिळून ८५ किलो धरा. पोर्दोईच्या माथ्यापासून सेलाच्या फाट्यापर्यंत उतार साधारण ४४० मीटर. या उतारात जी ऊर्जा सुटते ती सुमारे ३ लाख ६५ हजार ज्यूल. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळायला लागते त्याहून थोडी जास्तच. ही कुठंतरी गेली पाहिजे. ब्रेक सतत धरून उतरलात तर बहुतेक सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. म्हणजे वळणावळणानं तुम्ही दोन छोट्या चकत्यांवर चहाचं आधण ठेवलंय. ब्रेक सोडून वेग घेतलात तर त्यातला मोठा वाटा हवा खाते, आणि हवेला काही होत नाही.

जुन्या रिम-ब्रेकच्या सायकलीत तर हीच उष्णता रिममधून ट्यूबपर्यंत जाते, लांब घाटात ट्यूब फुटल्याचे प्रकार त्यामुळंच. तेव्हा आजोबांची पद्धत नुसती धाडसाची नाही, ती शास्त्राला धरून आहे.

अवांतर: पुढं ३४ दाते आणि मागंही ३४ म्हणजे पायडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा. २८ असता तर सेलावर दोनदा नाही, दहादा फोटो काढावे लागले असते.

---

डॉ_निवृत्त | सोमवार, संध्याकाळी ६:०८

कॉपीचं नाव बघून लिहितो. इटलीची जिरो शर्यत पाच वेळा आणि फ्रान्सची टूर दोन वेळा जिंकणारा हा माणूस चाळिसाव्या वर्षी गेला, २ जानेवारी १९६० ला. कशानं? मलेरियानं. आफ्रिकेत अप्पर व्होल्टात (आजचं बुर्किना फासो) शर्यत आणि शिकारीला गेला होता, तिथून घेऊन आला. इटलीतल्या डॉक्टरांना ताप काय आहे ते कळलं नाही. त्याच्याबरोबर गेलेला फ्रेंच सायकलपटू जेमिनियानीलाही तोच ताप, पण त्याचं निदान वेळेत झालं, क्विनिन मिळालं, तो पुढं पुष्कळ वर्षं जगला.

आमच्या सिव्हिलमधल्या दिवसांत पावसाळ्यानंतर थंडी वाजून ताप आला की कंपाउंडरसुद्धा आधी रक्ताची काच मागायचा. पोर्दोईवर ज्याचं स्मारक आहे त्याला इथला साधा कंपाउंडर वाचवू शकला असता, हे मला प्रत्येक वेळी लागतं.

जाणाऱ्यांना एवढंच: २२०० मीटरवर विरळ हवेचा मोठा त्रास सहसा होत नाही, पण ऊन फसवतं. गार वारा असतो म्हणून कळत नाही. सोलापूरच्या उन्हात वाढलेले आहोत म्हणून मलम न लावता जाऊ नका.

---

टॉवेलवाला | सोमवार, रात्री ८:३०

डॉक्टर, हे माहीत नव्हतं. त्या स्मारकाशेजारी बसून चटणी खाल्ली, पाटी वाचली नाही.

उन्हाचं अगदी खरं. नाकाचं साल निघालंय.

---

पूर्वभागातला | सोमवार, रात्री ९:१५

अण्णा, एक विचारतो. त्या भागात पाट्या तीन भाषांत असतात असं ऐकलं. खरं का? आमच्या घरी तेलुगू, गल्लीत मराठी, मामाकडं कन्नड, म्हणून कुतूहल.

---

टॉवेलवाला | सोमवार, रात्री १०:२०

खरं. आणि हाच भाग मला सगळ्यात जास्त आपला वाटला, आधी लिहायचा राहून गेला.

कोर्वाराच्या बाजूला पाट्यांवर इटालियन, जर्मन आणि लादिन. तो मुलूख पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा, १९१९ च्या तहात इटलीला गेला. म्हणून जर्मन. आणि लादिन ही तिथल्या दऱ्यांतली जुनी बोली, लॅटिनच्या पोटातली. बोलणारे फक्त तीसेक हजार. आपल्या एखाद्या पेठेएवढे. ते बहुतेक या एका सेलाच्या आजूबाजूच्या दऱ्यांत वाटलेले, आणि दऱ्या तीन वेगळ्या प्रांतांत. म्हणजे मी एका दिवसात तीन प्रांत केले: काम्पोलोंगोला एक संपतो, पोर्दोईला दुसरा, सेलाला तिसरा, आणि पुढं पुन्हा पहिला. अक्कलकोटच्या पुढं दुकानांच्या पाट्या हळूहळू कन्नड होत जातात ना, तसंच.

मुक्कामाच्या घरी म्हातारी मालकीण नातवाशी लादिन, नवऱ्याशी जर्मन, माझ्याशी इटालियन बोलत होती. तिला सांगितलं की आमच्या गावात भाजीवाली एका वाक्यात तीन भाषा वापरते. तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही.

जेवायला तिनं पालक भरून तळलेलं काहीतरी दिलं, तुत्रेस म्हणतात. डोळे मिटून खाल्लं तर पालकाची पुरी. दुसऱ्या दिवशी बीट भरलेले पास्त्याचे कानवले, वर लोणी आणि खसखस. खसखस बघून मी खुर्चीतून उठायचाच बाकी होतो.

आणि युद्धाचं म्हणाल तर अराब्बासमोर कोल दि लाना नावाचा डोंगर आहे. १९१६ च्या एप्रिलमध्ये इटालियनांनी खालून बोगदा खणून सुरुंग लावून त्याचा माथाच उडवला, वरच्या ऑस्ट्रियन सैनिकांसकट. खड्डा अजून आहे म्हणतात. पोर्दोईच्या वळणांवरून तो डोंगर सारखा दिसत राहतो. माझ्या पुढं एक माणूस तिकडं बघत थांबला होता, मीही थांबलो. दोघंही काही बोललो नाही.

---

भूगोलाच्या बाई | मंगळवार, दुपारी ४:४५

मुलांच्या वह्या तपासता तपासता वाचला धागा. छान.

तुमचा तो डोंगर मुळात समुद्रातला आहे. चोवीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्रातले चुन्याचे बांध आणि प्रवाळ, पुढं त्यात मॅग्नेशियम मुरलं, आणि आल्प्स वर उचलले गेले तेव्हा तेही वर आले. डोलोम्यू नावाच्या फ्रेंच भूशास्त्रज्ञाच्या नावावरून त्या खडकाला डोलोमाइट आणि डोंगरांना डोलोमाइट्स. आपला किल्ल्याचा काळा दगड लाव्ह्याचा, सहासाडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे तुमच्या त्या डोंगरापुढं आपलं सोलापूर तरणंताठं आहे.

संध्याकाळी ते कडे गुलाबी होतात, त्याला लादिनमध्ये एन्रोसादिरा म्हणतात. पाहिलात का?

---

टॉवेलवाला | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

बाई, पाहिला. सायकल परत करून, अंघोळ करून, मी घराच्या पायरीवर पाय पसरून बसलो होतो. पाऊस उघडलेला. आधी पिवळा, मग गेरूसारखा, मग खरोखर गुलाबी. दहाबारा मिनिटं. मालकीण आतून चहा घेऊन आली, तिनं वर बघितलंसुद्धा नाही. तिचं रोजचंच.

---

खवचट_बाळीवेस | मंगळवार, रात्री ९:५०

खर्च सांगा की आता. गुलाबी डोंगर बघून पोट भरत नाही.

---

टॉवेलवाला | मंगळवार, रात्री १०:३५

विमान आणि व्हिसा कारखान्याच्या खात्यावर, त्यामुळं तो आकडा सांगून तुम्हाला फसवणार नाही. माझे स्वतःचे: सायकल दिवसाचे ५० युरो, हेल्मेट त्यातच. मुक्काम दोन रात्री, न्याहारीसकट, १५० युरो. रेल्वे आणि बस मिळून साठेक. डिपॉझिट क्रेडिट कार्डावर अडकवतात, रोख घेत नाहीत, हे लक्षात ठेवा. शेंगेन व्हिसाला कमीत कमी ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, पण त्यात सायकलवरून पडलं तर चालतं का ते बारीक अक्षरात वाचून घ्या. मी कठड्यावर बसल्यावर ते वाचायला काढलं, तेव्हा उशीर झाला होता.

पाण्याला पैसे पडले नाहीत, गावागावात झरे आहेत. 'नोन पोताबिले' लिहिलं असेल तिथलं मात्र प्यायचं नाही.

---

मीनल_जुळेसोलापूर | बुधवार, सकाळी ६:१०

आत्ताच घाट उतरले. आजोबांचं सूत्र वापरून बघितलं. वळणाआधी ब्रेक, वळणात सोडायचा. पहिल्या तीन वळणांना सोडताच आला नाही, हात ऐकेना. चौथ्याला सुटला. पाचव्याला पुन्हा धरला, कारण समोर उसाची ट्रॉली. पण चौथं वळण! दादा, चौथं वळण!

आणि बाहेरचा पाय खाली हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. सायकल रस्त्याला चिकटून बसल्यासारखी वाटते.

---

सायकलमामा | बुधवार, सकाळी ८:००

शाबास अक्का. जाताना एकदा दुकानावरून जा, पॅड बघून देतो. दोन वर्षं धरून उतरलीस म्हणजे संपलेच असतील.

---

होटगीरोडकर | बुधवार, सकाळी ११:२०

मग रविवारी ठरवायचं का सगळ्यांनी? फक्त उताराची प्रॅक्टिस. घाट चारदा वर, चारदा खाली. चढताना कुणी कुणाला मागं टाकायचं नाही, उतरताना मधे वीस मीटर अंतर. पहाटे साडेचारला सात रस्त्याला जमू, म्हणजे ट्रकांची गर्दी वाढायच्या आत परत. मामा, तुम्ही टेम्पो घेऊन याल का?

---

सायकलमामा | बुधवार, दुपारी १२:१५

येतो. पंप, पॅच, दोन ट्यूब, एक थर्मास. कडक भाकरी टॉवेलवाल्यांनी आणायची.

---

खवचट_बाळीवेस | बुधवार, दुपारी १२:४०

मला पण धरा. माझी सायकल मागच्या वर्षी भाच्यानं बाहेरून आणलेली आहे. आत्ता खाली जाऊन लिव्हर दाबून बघितली. डावा पुढचा निघाला बे.

---

टॉवेलवाला | बुधवार, दुपारी १:०५

रविवारी नॅपकिन आणतो. डझनभर.